उंखाचा बाण

गाशेच्या भात्यात त्या थंडीत बाण पुष्कळ होते, पण त्यातला त्याचा स्वतःचा एकही नव्हता. काही सासऱ्याचे, एक मेहुण्याचा, एक शेजारच्या पांगळ्या माणसाचा, आणि सगळ्यात तळाशी चामड्याच्या पट्टीत गुंडाळलेला एक त्याच्या आईचा. आमच्यात असंच असतं. जनावर कुणी मारलं हे कुणी विचारत नाही, बाण कुणाचा लागला हे विचारतात. ज्याचा बाण, मांस त्याचं. वाटे तो घालणार, कुठला तुकडा कुणाला ते तो ठरवणार, आणि कमी मिळालं म्हणून बोलणीही तोच खाणार. म्हणून तर ज्यांना पळवत नाही, ज्यांना धड दिसत नाही, असे म्हातारेकोतारे बाण जपून ठेवतात आणि कुणाच्या तरी भात्यात सरकवतात. बाण रानात जातो आणि माणूस घरी बसून धनी होतो.

त्या साली पाऊस नुसता शिंकून गेला. कंदांचे वेल वर आलेच नाहीत. मोंगोंगोच्या झाडांखाली मागल्या सालची किडकी फळं तेवढी उरली होती, तीही बायका उकरून उकरून आणत होत्या. सरकारी मक्याच्या पिठाचा ट्रक येतो येतो म्हणत आलाच नव्हता. आमच्या नुमा वस्तीत माणसं सकाळी अंगाभोवती घोंगड्या ओढून शेकोटीपाशी बसत आणि कालचीच चहाची पूड पुन्हा उकळत. बोलायलाही कुणाला जोर नव्हता. फक्त सामकाऊला होता.

सामकाऊ म्हणजे गाशेचा सासरा. एके काळचा नामी शिकारी. आता गुडघे गेले होते, जीभ मात्र शाबूत होती. लग्न झालं की आमच्यात जावयानं सासऱ्याच्या वस्तीला येऊन राहायचं आणि पोरंबाळं मोठी होईपर्यंत त्याच्या चुलीला मांस पुरवायचं. गाशेच्या बायकोची, खुआनाची कूस अजून उजवली नव्हती, आणि मांस म्हणाल तर त्या थंडीत गाशेनं आणलं काय, एक साळिंदर आणि दोन रानकोंबड्या. सामकाऊ रोज संध्याकाळी त्याच्या रिकाम्या हातांकडं बघायचा आणि म्हणायचा, जावई मोठा गुणाचा, रानातल्या जनावरांना त्याचा कसला म्हणून त्रास नाही.

गाशे हे ऐकून घ्यायचा. त्याच्या डोक्यात दुसरंच होतं. त्याची आई उंखा अर्ध्या दिवसाच्या वाटेवर शिनो वस्तीत, मेलेल्या नवऱ्याच्या भाचीकडं राहत होती. गाशे मागं तिला भेटायला गेला तेव्हा ती झोपडीच्या मागल्या अंगाला, वाऱ्याच्या तोंडाशी एकटी बसली होती. शेकोटी पुढं होती, माणसं पुढं होती. भाचीनं तिच्यादेखतच सांगितलं, की म्हातारीचे दात गेले पण भूक काही गेली नाही. उंखानं राखेतून भाजलेल्या कातड्याचा एक चिवट तुकडा उकरून काढला आणि लेकाला दिला. येताना हा बाण दिला. बापानं केलेला होता. कुंपणाची तार तापवून, ठोकून काढलेलं पातं, आणि पात्याच्या बुडाशी आडव्या तीन रेघा. ती म्हातारीची खूण.

आईला नुमाला आणू का, असं गाशेनं सासऱ्याला विचारलं होतं. सामकाऊनं चिलमीतली राख झाडली.

"आण की. पण तिच्या अगोदर कायतरी दुसरं आण. माझ्या पोरीचं पोट तुझ्यानं भरंना, आन् तुझ्या आईच्या पोटाला माझी चूल?"

गाशे खाली बघत राहिला. म्हातारा मनानं वाईट नव्हता. भुकेनं चिडलेला होता, आणि अपंगपणानं त्याहून जास्त. थोड्या वेळानं तोच म्हणाला, "तिचा बाण हाय न्हवं तुझ्याकडं? त्याला एकदा रक्त लागू दे. समद्या नुमानं तिच्या हातचं खाल्लं, की मग तिला ऊठ म्हणायला कुणाला तोंड उरणार न्हाय. मलाबी न्हाय."

त्या दिवसापासून गाशेला दुसरं काही सुचेना.

विष ताजं हवं म्हणून तो विषारी किड्यांच्या झुडपाखाली कोपरापर्यंत खड्डे खणत बसला. जमीन दगडासारखी झाली होती. खणायच्या काठीचं टोक दोनदा मोडलं. मूठभर कोश मिळाले. ते फोडून आतल्या अळ्यांचा रस त्यानं बाणांना लावला. पात्याच्या टोकाला लावत नाहीत, टोकाच्या मागं दांडीला लावतात, म्हणजे चुकून आपलंच बोट कापलं तरी माणूस वाचतो. बोटाला जखम नाही ना, ते खुआना दर वेळी त्याचे हात उलटेपालटे करून बघायची. आईच्या बाणाला त्यानं दोनदा रस लावला आणि उन्हात सुकवला.

मग रोज पहाटे उठून जायचं. थंडीनं पायांच्या भेगा उलायच्या, त्यात वाळू जायची. खुआना प्लास्टिकच्या बाटलीत पाणी भरून द्यायची, तेही अर्धीच बाटली, कारण पंप हत्तींनी उपटला होता आणि खड्ड्यातलं पाणी गाळून घ्यावं लागत होतं. माग दिसायचे ते जुने, कडा ढासळलेले. जनावरं पाण्यामागं लांब गेली होती. संध्याकाळी तो परत यायचा, धनुष्य झाडाला अडकवायचा, आणि सामकाऊ विचारायचा, आज कुठल्या जनावरानं जावईबापूंची विचारपूस केली.

घरात आणखी एक शिकारी होता, सामकाऊचा मुलगा दाबे. पण तो आमच्यासाठी शिकार करत नव्हता. नदीच्या कोरड्या पात्रापलीकडं परदेशी शिकाऱ्यांची तंबूंची छावणी होती. दाबे तिथं माग काढायला आणि दुभाष्या म्हणून होता. तिथं येणाऱ्यांना पाहुणे म्हणतात. पाहुणे पानांच्या रंगाचे कपडे घालतात, माणसाचा वास जावा म्हणून अंगावर बाटलीतून औषध फवारतात, आणि मग गाडीत बसून कॉफी पितात. बंदूक टेकवायला त्यांना तीन पायांची काठी लागते, ती दुसऱ्यानं धरून न्यायची. त्यांना मांस नको असतं. शिंगं हवी असतात, घरी भिंतीवर लावायला. मांस छावणीचा मालक हेनिंग ट्रकमधून वस्त्यांना वाटून टाकायचा. हेनिंग माणूस नियमाचा पक्का. आमच्यातल्या कुणाचा बाण एखाद्या जनावराला लागलेला असेल, तर ते सापडेपर्यंत त्या बाजूला पाहुण्यांना न्यायचं नाही असं त्याच्याशी ठरलेलं होतं, आणि तो ते पाळायचा. आदल्या संध्याकाळी गाडी घेऊन येऊन विचारायचा.

त्या आठवड्यातला पाहुणा अगदी नवखा होता. पहिल्यांदाच आफ्रिकेत आलेला. त्याचे नेम सारखे चुकत होते, दिवस संपत आले होते, आणि चुकीचं खापर दर वेळी माग काढणाऱ्यावर फुटत होतं. दाबे घरी आला की गप्प गप्प असायचा. एकदा बहिणीला म्हणाला, हा माणूस शिंगांशिवाय परत गेला तर पुढच्या वर्षी माझ्या जागी दुसरा दिसेल.

आणि एका सकाळी गाशेला कुडू दिसला.

मोंगोंगोच्या टेकाडाखाली, काटेरी झुडपाच्या आड, घोड्याएवढ्या हरणाचा एकटा नर. शिंगांना पुरते पीळ पडलेले. मान वर करून वाळकी पानं ओरबाडत होता. गाशेनं चिमूटभर धूळ सोडून वारा बघितला. कोट काढून ठेवला आणि उघड्या अंगानं वाळूवर पोटावर पडला. कोपरांवर जोर देत, थांबत, पुन्हा सरकत. गुडघ्यात एक काटा अख्खा घुसला, तो त्यानं तसाच राहू दिला. कुडूनं कान फिरवला की हा मेल्यासारखा पडून राहायचा. जवळ पोचेपर्यंत ऊन अंगावर आलं होतं आणि पाठीला मुंग्या चावत होत्या.

हाताला पहिला बाण लागला तो सासऱ्याचा. सरळ, नवा, भरवशाचा. गाशेनं तो धनुष्याला लावला. मग काढला आणि भात्यात ठेवला. एवढ्या जवळ येऊन बाण बदलणं हा शुद्ध वेडेपणा होता. तरी त्यानं चामड्याची पट्टी दातांनी सोडवली आणि आईचा बाण काढला.

बाण बरगड्यांच्या मागं लागला. कुडू उसळला आणि झाडीत घुसला. बाणाची बोरूची कांडी जागीच गळून पडली, पातं आत राहिलं. बाण तसेच बनवतात, म्हणजे जनावर झाडाला घासून बाण उपटू शकत नाही. गाशेनं कांडी उचलली. माग बघून घेतला, उजव्या मागल्या खुराला खाच होती. पाठलाग केला नाही. विषाला त्याचा वेळ द्यावा लागतो. उद्या पहाटे जायचं.

परतीच्या वाटेवर तो पळाला नाही, कारण मारणारा पळाला की जनावरही पळतं. बाटलीतलं पाणी प्यायला नाही, कारण मारणाऱ्यानं पाणी प्यालं की विष पातळ होतं. त्याला हसू येत होतं, तेही त्यानं दाबलं.

संध्याकाळी तो शेकोटीपासून जरा बाजूला जाऊन बसला. आम्ही सगळे होतो. मग सामकाऊनं विचारलं, "दिसलं का काय?"

"आता काय दिसणार, मामा. डोळं गेलं माझं बहुतेक. काटक्याच काटक्या."

"आन्?"

"आन् काय. एक कायतरी किरकोळ हुबं हुतं. लागलं का न्हाय कुणास ठावं."

सामकाऊची चिलीम तोंडाशी थांबली. खुआनानं मान खाली घातली आणि उगाच मोठं भांडं पुसायला घेतलं. वस्तीभर कुजबूज झाली. सगळ्यांना समजलं होतं. आमच्यात ज्यानं मोठं जनावर मारलं, त्यानं तसं म्हणायचं नसतं. आज जो मी मोठं मारलं म्हणतो, तो उद्या मी मोठा म्हणेल आणि परवा माणसांच्या डोक्यावर बसेल. म्हणून मारणारा आपल्या शिकारीला हाडकं म्हणतो, आणि खाणारे तिला हाडकं म्हणतात, आणि सगळे हसत हसत पोटभर खातात. गाशेनं किरकोळ म्हटलं, याचा अर्थ वस्ती चार दिवस जेवणार होती.

त्यानं कांडी मुकाट्यानं सासऱ्याच्या मांडीवर ठेवली. सामकाऊनं ती उजेडात धरली, फिरवून बघितली. त्याची नव्हती.

"म्हातारीची," तो म्हणाला. मग थांबून, "वाकडं लाकूड. हे लागलंच कसं!"

हे म्हाताऱ्याच्या तोंडचं कौतुक. गाशेचा ऊर भरून आला, ते आम्हाला अंधारातही कळलं. एक जण गाढवावरून शिनोकडं निघालाच होता. त्याच्याबरोबर निरोप दिला: उंखाला म्हणावं, तुझा बाण कुठंतरी अडकलाय, ये.

तेवढ्यात गाडीचे दिवे आले. हेनिंग उतरला नाही. इंजिन चालू ठेवूनच त्यानं काहीतरी विचारलं. मागं तो पाहुणा अंगावर ब्लँकेट घेऊन बसला होता. दाबे खाली उतरला आणि शेकोटीपाशी आला.

"दाजी, सायेब इचारतोय, टेकाडाच्या अंगाला तुमचा बाण कशाला लागलाय का? उद्या आमी तिकडं जायाचं म्हंतोय."

सगळी वस्ती ऐकत होती. सासरा समोर बसलेला. गाशेनं पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरली.

"मी कसला मारतोय रं दाबे. कायतरी हाडकुळं हुतं, त्याला काय लागतंय. तुला ठावं हाय की माझा नेम."

सगळे हसले. दाबेही हसला. तो ह्याच राखेत वाढलेला. पहिल्या मोठ्या शिकारीच्या वेळी बापानं रीतीप्रमाणं केलेल्या जखमांचे काळे वण त्याच्या दंडांवर अजून होते. असलं हाडकुळं जनावर केवढं असतं, हे त्याला सांगायची गरज नव्हती. तो गाडीकडं वळला आणि हेनिंगला एक लहानसं वाक्य बोलला. हेनिंगनं मान हलवली.

"एवढ्या बोलण्याचं एवढंच?" खुआनानं विचारलं.

"त्यांची भाषा आखूड असती."

"नीट सांगितलंस न्हवं?"

"सांगितलं की," दाबे म्हणाला आणि गाडीत चढला. बहिणीकडं बघून मात्र बोलला नाही.

पहाटे गाशेबरोबर सामकाऊही निघाला. गुडघे दुखत असताना, काठी टेकत. जावयानं नको म्हटलं तर म्हणाला, हाडकं उचलायला दोन माणसं लागतात. माग स्पष्ट होता. खाचेचा खूर, मग रक्ताचा काळपट थेंब, मग जनावर बसलं होतं ती दबलेली जागा, मग पुन्हा बसलं ती. पावलं आखूड होत गेली होती, खूर घसटत होते. सामकाऊ प्रत्येक ठिकाणी काठीनं दाखवायचा. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं होतं, तो सारखा गिळत होता. बऱ्याच दिवसांत तो एवढा चालला नव्हता.

टेकाडाच्या पलीकडं, कच्च्या रस्त्याच्या कडेला, खाचेच्या खुरावर एका बुटाचं पाऊल पडलेलं होतं.

गाशे उभा राहिला. पुढं तीन पायांच्या काठीची तीन भोकं. गोळीची पितळी पुंगळी. मग गाडीची चाकं, ओढत नेल्याचा पट्टा, कोथळ्यातल्या चघळलेल्या पाल्याचा ढीग, त्यावर माशा. विषानं पाय लटपटत असलेला, उभ्यानं झोपलेला कुडू नवख्या पाहुण्यालाही चुकला नसता.

सामकाऊ काठीनं झुडपं चाळत होता. एका झुडपाखाली त्याला मांसाचा एक गोळा सापडला. काळा पडलेला, विषाचा. भोवतीनं गोल कापून, उचकटून फेकलेला. मधोमध पात्याचं भोक होतं, पातं नव्हतं. म्हातारा वाकून बघत राहिला. बाणाचं विष किती खोल जातं आणि मांस कुठवर टाकून द्यायचं, हे छावणीतल्या गोऱ्यांना कुणाला माहीत नव्हतं. असं गोल कापायला त्यानं आयुष्यात एकालाच शिकवलं होतं.

"हा हात माझ्या घरचा हाय," सामकाऊ म्हणाला. त्यानंतर वस्ती येईपर्यंत तो बोलला नाही. गाशेच्या मनात आलं, की म्हाताऱ्यानं टोमणे मारलेले परवडले असते.

ते परतले तर रातोरात निघालेली उंखा येऊन बसली होती. चालून चालून पाय धुळीनं पांढरे झालेले. बरोबर गाठोडं होतं: तिची घोंगडी, तिचं काळं मडकं, खणायची काठी, होतं नव्हतं ते सगळं. शिनोला तिनं काही ठेवलंच नव्हतं. लेकाचे रिकामे हात बघून ती हसली. तिला वाटलं, मांस मागून येतंय, म्हणून हा असा पडेल चेहरा करून आलाय. मारणाऱ्यानं तसाच करायचा असतो.

"काय रं, मिळालं का न्हाय कायतरी?" ती म्हणाली.

गाशेनं तिला सांगितलं. तिला समजायला वेळ लागला. बाण तर लागला होता, मग मांस दुसऱ्याचं कसं, हेच ती पुन्हा पुन्हा विचारत होती.

दुपारी ट्रक आला. मागं फळीवर मांसाचे ढीग, आणि वर ते डोकं, शिंगांसकट. पाहुणा खाली उतरून सगळ्यांशी हात मिळवत सुटला. त्याला फार आनंद झाला होता. दाबेच्या गळ्यात नवी दुर्बीण होती. पाहुण्याला गाशेचं धनुष्य दिसलं, तेव्हा त्यानं खुणा केल्या, आणि दाबेनं गाशेला हाताला धरून शिंगांशेजारी उभं केलं. पाहुण्यानं धनुष्य उलटं धरलं, गाशेच्या खांद्यावर हात टाकला आणि फोटो काढून घेतला. गाशेच्या हातात सासऱ्याकडून परत घेतलेली बोरूची कांडी होती. तीही फोटोत आली.

"पातं कुठाय दाबे?" फोटो चालू असतानाच गाशेनं विचारलं.

"कसलं पातं?"

"तीन रेघांचं."

दाबेनं दुर्बीण सारखी केली. "दाजी, तुमीच म्हनालात, कायबी लागलं न्हाय. मी पदरचं काय सांगू? आन् मांस तर आलंच न्हवं? तेवढंच मांस, तेवढीच माणसं. काय बिघडलं?"

गाशे त्याला ओलांडून हेनिंगसमोर गेला आणि त्यानं कांडी पुढं धरली. मग आपल्या बरगडीमागं बोट लावून दाखवलं, आणि त्या डोक्याकडं. हेनिंगनं लक्ष देऊन बघितलं. दाबेला विचारलं. दाबे बोलला. हेनिंगच्या कपाळाला आठी पडली, पण तो चिडला नाही. काल सगळ्यांसमोर मी विचारलं होतं, असं तो म्हणत असल्याचं दाबेनं सांगितलं. म्हणतोय, पुढच्या वेळी आधी सांगा.

खोटं काहीच नव्हतं. विचारलं होतं, सगळ्यांसमोर विचारलं होतं. गाशेनं सामकाऊकडं बघितलं. म्हाताऱ्याला सगळं माहीत होतं, आणि त्यानं नुसतं एवढं म्हणायचं होतं की मी ते काळं मांस बघितलंय. सामकाऊ काठीवर हनुवटी टेकून बसला होता. त्याचा एकुलता एक मुलगा होता तो. सामकाऊ बोलला नाही. आम्हीही कुणी बोललो नाही. मांस फळीवर होतं, त्याचा वास सुटला होता, आणि पोरं रडत होती.

हेनिंगनं सगळ्यांना रांगेत उभं केलं. त्याला न्यायाची आवड होती. सगळ्यांना सारखा तुकडा, म्हाताऱ्यांना आधी. आमच्यात कधी सारखं वाटत नाहीत. पुढचा पाय कुणाचा, पाठ कुणाची, मान कुणाची, हे धनी ठरवतो, मग ज्याला मिळालं तो पुन्हा आपल्या माणसांत वाटतो, आणि रात्रभर कुरबूर चालते. त्या कुरबुरीत कोण कुणाचं आहे ते कळतं. त्या दिवशी तुकडे मोजून हातावर पडत होते, आणि घेणारे मान लववून पुढं सरकत होते. कुणी मांसाला नाव ठेवलं नाही. ठेवणार तरी कुणाच्या मांसाला?

उंखाची पाळी आली. छावणीच्या माणसानं तिच्या हातावर तुकडा ठेवला. ती पुढं सरकली नाही. तिनं तुकडा उलटा करून बघितला, हातात तोलला, आणि एवढ्याशा त्या म्हातारीनं अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल असा आवाज काढला.

"हेच का ते? एवढ्यासाठी मला शिनोपासनं चालवत आणली? ह्या हाडकांसाठी? कुणाचा म्हणायचा हा फुसका बाण?"

हे बाणाच्या धन्यानं म्हणायचं असतं. ती हक्क सांगत होती, तिला येत असलेल्या एकाच रीतीनं. ह्यावर सगळ्यांनी हसायचं असतं. कुणीतरी म्हणायचं असतं, तुझाच गं म्हातारे, तुझा बाण वाकडा आणि तुझा लेक त्याहून वाकडा. एक जण जरी हसला असता तरी ते मांस तिचं झालं असतं. सगळे जमिनीकडं बघत उभे राहिले. गाशेचा ओठ हलला, पण मारणाऱ्यानं हे बोलायचं नसतं. खुआनानं तोंडावर हात धरला.

हेनिंगनं वळून दाबेला विचारलं, ती काय म्हणते. दाबेनं म्हातारीकडं बघितलं, मग बापाकडं. मग तो बोलला. त्याच्या आखूड वाक्यात 'दांकी' होतं, आणि त्यांच्या भाषेतला तो एक शब्द आमच्यात लहान पोरालाही समजतो. आभारी आहे.

हेनिंगला बरं वाटलं. त्यानं स्वतः ढिगातून आणखी एक तुकडा उचलला आणि म्हातारीच्या हातावर ठेवला. पाहुण्यानं टाळ्या वाजवल्या, मग रांगेनंही वाजवल्या. उंखानं तो तुकडा घेतला. तिला भूक लागली होती.

संध्याकाळी सगळ्या चुलींवर मांस शिजत होतं. सामकाऊच्या शेकोटीपाशी उंखा बसली होती, थोडी मागं सरून. तिला कुणी जा म्हणालं नाही, आणि कुणी राहा म्हणालं नाही. सामकाऊनं एकदा तोंड उघडलं, पण गुडघा चोळत पुन्हा मिटलं. तिच्या हातचं कुणी काही खाल्लं नव्हतं. उलट तिनंच ट्रकवरचा एक तुकडा जास्तीचा घेतला होता, हे सगळ्यांनी बघितलं होतं.

"कांडी हाय का रं तुझ्याजवळ?" तिनं गाशेला विचारलं.

त्यानं दिली. त्याला वाटलं, ती जपून ठेवेल. नवं पातं करता आलं असतं, तार कुठंही मिळते. उंखानं कांडीवरची वाळू पुसली, नवऱ्यानं गुंडाळलेल्या स्नायूच्या दोऱ्यावरून अंगठा फिरवला, आणि ती चुलीवरच्या मडक्याखाली जाळात सरकवली.

"वाळलीया चांगली," ती म्हणाली. "मांस जून हाय. शिजाया वेळ लागंल."

सकाळी ती शिनोच्या वाटेला लागली. गाशे थोडा पुढपर्यंत तिच्याबरोबर गेला. गाठोडं तिनं रात्री सोडलंच नव्हतं, त्यामुळं बांधायला वेळ लागला नाही.